वर्गणीचा खेळ आणि गाळलेली ओळ

ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि कुठे लिहूनही ठेवलेली नाही – मी, जी सगळं लिहून ठेवते.

भंडाऱ्यात आमचं कोसा रेशमाच्या साड्यांचं दुकान आहे. दुकान खाली, घर वर. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातल्या याद्या माझ्याकडे आहेत. कोणत्या विणकराच्या मागावर सध्या कोणता काठ चालू आहे, कोणत्या पाहुणीला कोणत्या वर्षी कोणत्या रंगाची साडी दिली, उन्हाळ्यातली वाळवणं कोणत्या क्रमाने घालायची – सगळं. नात्यात लग्न ठरलं की मला बोलावणं येतं. माझी यादी कोणी पडताळून पाहत नाही. बरेचदा वाचतसुद्धा नाहीत. वहिनींनी केली आहे ना, मग झालं. मला याचा अभिमान होता. अजूनही आहे – म्हणून तर सांगायला इतकी वर्षं लागली.

तुम्हाला वाटेल, आता काहीतरी मोठं येणार. तसं नाही. गोष्ट कॉम्प्युटरवरच्या खेळाची आहे. हसायचं तर हसा. मीही कित्येक वर्षं ती हसण्यावारी नेली. हसण्यावारी नेलं की पुढचं सांगावं लागत नाही, नाही का?

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन, गोंदिया वेगळा निघून, दहा-अकरा वर्षं झाली असतील. दुकानात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागून माझा दीर नितीन याने एक खेळ आणला. एका मोठ्या काल्पनिक मुलखात जगभरची माणसं एकाच वेळी फिरतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि टोळी करून राक्षसांशी लढायचं असतं. मी आधी नुसती बघायची. मग एक दिवस नितीन म्हणाला, वहिनी, आमच्याकडे एक माणूस कमी आहे. मी अडतीस वर्षांची होते. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, सून माझी राक्षस मारून राहिली, बरं आहे, घरात शांतता आहे.

टोळी चौघांची. नितीन, मी, जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणारा त्याचा मित्र प्रशांत, आणि भोजराज. भोजराज नितीनचा कॉलेजातला सोबती. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून करडीकडच्या आपल्या गावी परत गेलेला. घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. बायको, चार वर्षांची मुलगी, म्हातारे आई-वडील. करडीत एक झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे दोन कॉम्प्युटर होते. संध्याकाळी सायकलने यायचा आणि तिथून खेळायचा.

चौघांनी एका वेळी जमणं म्हणजे काय होतं, ते आज सांगून पटणार नाही. तेव्हा भारनियमन होतं. भंडाऱ्याची लाईन एका वेळी जायची, करडीची दुसऱ्या वेळी. जवाहरनगरला लाईन जात नसे, पण कारखान्यातली प्रशांतची पाळी बदलायची. मी तिन्ही ठिकाणच्या वेळांचा तक्ता केला. दर पंधरा दिवसांनी नवा. त्यातून आठवड्याचे चार-पाच तास निघायचे, आणि त्या तासांत आम्ही चौघेही हजर असायचो. भोजराजने तो तक्ता झेरॉक्सवाल्याच्या भिंतीला चिकटवून ठेवला होता. टोळी माझ्या तक्त्यावर चालायची. पण टोळीचा म्होरक्या भोजराज होता.

कोणी निवडला नव्हता. त्याचं काम मागे उभं राहून आमच्या जखमा भरण्याचं. मागे असल्यामुळे त्याला सगळं दिसायचं. जाळं कधी ओढायचं हे काठावर बसून ठरवता येत नाही, असं म्हणायचा. पाणी पाहूनच समजते. आणि त्याला समजायचं, हे खरं. हेडफोनमधून त्याचा शांत आवाज यायचा – वहिनी, डावीकडे. प्रशांत, थांब जरा – आणि आम्ही तसं करायचो, आणि जिंकायचो.

मी लढाईच्या याद्या करायची. अकरा पायऱ्या, तेरा पायऱ्या. एका मोठ्या राक्षसासाठी मी चार दिवस वाचून यादी केली. रविवारच्या दुपारी लढाई सुरू झाली. सहाव्या पायरीला काहीतरी बिनसलं. मी यादीत पुढचं शोधत होते. तेवढ्यात भोजराज म्हणाला, "वहिनी, कागद ठेवा बाजूले. सामने पाहा."

रागाने नाही म्हणाला. आम्ही जिंकलो. प्रशांत म्हणाला, "वहिनीची यादी संपेपर्यंत त्या राक्षसाचे नातू लग्नाले येऊन जातीन." सगळे हसले. मीही हसले. मग वर जाऊन कणीक मळायला घेतली आणि ती इतकी घट्ट मळली की सासूबाईंनी विचारलं, काय झालं?

काय झालं होतं? काहीच नाही. त्याचं बरोबर होतं. ते बरोबर असणंच मला सहन होत नव्हतं का? घरात, नात्यात, दुकानात – माझा कागद बाजूला ठेवा, असं मला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

आता जे सांगायचं आहे त्याच्याजवळ येते आहे. थोडं हळू येते.

आमचा खेळ फुकट होता. म्हणजे आत शिरायला फुकट. आत मात्र बाजार. तलवार विकत, घोडा विकत, लवकर बरं व्हायचं औषध विकत. प्रशांतने पगार झाला की काहीतरी घ्यावं आणि एका दिवसात, आम्ही दोन महिने खपून मिळवलेल्याच्या पुढे जावं. भोजराज काही घेत नसे. परक्या टोळ्या त्याचं जुनं चिलखत बघून त्याला सोबत घेत नसत. आम्ही सगळेच कंटाळलो. वर्गणीचा एक खेळ होता – दर महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे, आत बाजार नाही, सगळे एका रांगेत. नितीनला तिकडे जायचं होतं. गंमत म्हणजे, तोच खेळ इमानदारीचा आहे असं पहिल्यांदा भोजराज म्हणाला. पण महिन्याच्या महिन्याला त्याला ते जमणारं नव्हतं. प्रशांत म्हणाला, तुझी वर्गणी मी भरतो. भोजराजने साफ नाही म्हटलं. कमावून खेळीन, मांगून नाही.

मग ठरलं, की वहिनींनी दोन्ही खेळांची यादी करावी. काय बरं, काय वाईट. यादीवरून ठरवू.

मी तीन दिवस वाचलं. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात, पानामागून पान. बाकीच्यांनी ते वाचलं नसतंच. म्हणून तर मला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी, एका मदतीच्या पानाच्या तळाशी, मला ते सापडलं. त्या वर्गणीच्या खेळात मेहनतीने सोनं कमावलं, तर त्या सोन्याच्या बदल्यात महिन्याचा पास घेता येत होता. खिशातला एक पैसा न घालता. पुरेसं सोनं जमेपर्यंत सुरुवातीचा भागही फुकट खेळता येत होता.

तुम्हाला कळतंय ना, हे कोणासाठी होतं? वनस्पती गोळा करणं, मासे धरणं, खनिज खणणं – ही खेळातली चिकाटीची कामं आमच्यात फक्त भोजराज करायचा. महिन्याचा पास त्याने सहज काढला असता. आणि ते मागणं नव्हतं, कमावणं होतं.

कच्च्या कागदावर मी ते लिहून घेतलं. त्याखाली दोन रेघा ओढल्या. मला आनंदच झाला होता – हे खरं सांगते. मग पक्की यादी लिहायला बसले. सहा ओळी झाल्या. सातवी ओळ ही होती. मी उठले, चहाचं आधण ठेवलं, परत आले. आणि सहाव्या ओळीखाली, यादी संपल्यावर मी नेहमी ओढते तशी, आडवी रेघ ओढली.

पट्टीने ओढली.

रविवारी सगळे आमच्या घरी आले. भोजराज करडीहून पिशवीभर शिंगाडे घेऊन आला होता, सासूबाईंना आवडतात म्हणून. मी चहा दिला आणि यादी वाचली. वर्गणीच्या बाजूने पाच गोष्टी निघाल्या, फुकटच्या बाजूने एक. नितीन आणि प्रशांत भोजराजकडे पाहायला तयार नव्हते. मग त्यानेच विचारलं. मला, तोंडावर.

"वहिनी, तिकडं बिनापैशाचा काही रस्ता आहे काय? मेहनतीचा असला तरी चालन. तुम्ही तर सगळंच पाहिलं असन."

इथे मला थांबता आलं असतं. ओळ गाळणं म्हणजे विसरणं म्हणता येतं. अरे हो, एक राहिलंच – एवढं म्हटलं असतं तर माझी अब्रूसुद्धा गेली नसती.

मी म्हटलं, "नाही. मी सगळं वाचलं."

तो म्हणाला, "तुमच्या यादीत नाही, म्हणजे नसनच." मग शिंगाडा सोलत नितीनला म्हणाला, तुम्ही जा, मी त्या जुन्याच खेळात राहतो, कोणी वापस आलंच, तर कोणी पाहिजे ना तिथं. चेहऱ्यावर काही नव्हतं. पण त्या दिवशी तो चहा अर्धा ठेवून उठला.

आम्ही गेलो. नवा खेळ सुंदर होता. आता मी पुढे होते. याद्या पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पाळल्या जायच्या. काही लढाया जिंकलोही. पण काही बिघडलं की हेडफोनमध्ये शांतता पसरायची, कारण तिघेही दुसरं कोणी बोलेल म्हणून वाट पाहायचो. मीसुद्धा.

चौथ्या महिन्यात नितीनला ते मदतीचं पान सापडलं. तो धावतच वर आला – वहिनी, सोन्यात पास भेटते, हे तेव्हा कळलं असतं तर भोजूले आणता आलं असतं. मी म्हटलं, नवीन निघालं असेल. हे दुसरं खोटं. हे किती सोपं गेलं, त्याची मला आजही भीती वाटते.

नितीनने तिथूनच भोजराजला फोन लावला. मी भाजी निवडत होते. फोनवर बराच वेळ नितीन नुसता ऐकत होता. ठेवल्यावर म्हणाला, त्याने महिनाभरापूर्वीच खेळणं सोडलं. तोवर तक्त्यावरच्या प्रत्येक वेळेला येऊन बसायचा म्हणे. तक्ता जुना झाला, वेळा बदलल्या, तरी त्याच वेळेला. "म्हणते, एकटा किती दिवस खेळीन."

गाव, तलाव, घर – इथे तो कोणाचा ना कोणाचा मुलगा, बाप, पुतण्या होता. त्या चार-पाच तासांत मात्र तीन माणसं त्याच्या एका शब्दावर वळायची. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक नसतं, तर मी ते त्याच्याकडून काढून घेतलंच नसतं.

टोळी त्याच वर्षी मोडली. नितीन नागपूरला गेला, प्रशांतची बदली झाली, मी खेळणं सोडलं. भोजराज वर्षातून एकदा-दोनदा बाजाराला आला की दुकानात डोकावायचा. सासूबाईंची चौकशी करायचा. खेळाचं कधी काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो मुलीला घेऊन आला. ती बारावी झाली आहे, नर्सिंगला जायचं आहे. दोन कॉलेजं – एक नागपूरला, वसतिगृहाचं; एक इथलं, जाऊन-येऊन करण्याचं. तो मुलीला म्हणाला, यांच्याकडून लिहून घेऊ, यांच्या हातून काही सुटत नाही. मग मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगान तिथं टाकतो."

मी अर्धा दिवस घेतला. दोन्हीकडे फोन केले, फीसवलतीचे, शिष्यवृत्तीचे, बसच्या पासचे – सगळे नियम विचारले. एकूणएक ओळ लिहिली. मुलीने यादी लक्ष देऊन वाचली, दोन प्रश्न विचारले, हुशार आहे. भोजराजने वाचली नाही. घडी घालून खिशात ठेवली.

ती दोघं गल्ल्यासमोर उभी होती. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सांगायला याहून बरी वेळ कोणती? मी त्यांना पाणी दिलं. पंखा वाढवला. मुलीला एक ओढणी दिली. ती दोघं गेली.

तर, तो रस्ता होता. मला तो माहीत होता. भोजराजने विचारलं तेव्हा तो मला तोंडपाठ होता, आणि मी नाही म्हणाले – त्याने येऊ नये म्हणून.