शेतावरून न गेलेली लाइन

आम्ही दोघं जबलपूरच्या एकाच फॅक्टरीच्या क्वार्टरांत वाढलो आणि पुढे एकाच खासगी सर्वेक्षण कंपनीत लागलो. तो शेतांमध्ये तारेचं मोठं वेटोळं पसरून त्यातून वीज सोडायचा. ती बंद केल्यावर जमीन काय उत्तर देते ते यंत्रात टिपायचा. मी ऑफिसात बसून त्या नोंदींवरून खाली काय असेल ते काढायची. शोधत होतो बॅटऱ्यांना लागणारं ग्रॅफाइट. वरवरचं लोकांनी कधीच खणून नेलं. उरलंय ते खोल.

सिहोऱ्याकडच्या एका शेताखाली मला संकेत दिसला. क्षीण, पण विझता विझत नव्हता. खोलवर वीज वाहून नेणारं काही असलं की असंच होतं. मी हरखून त्याला फोन केला.

"काहून एवढी खुश होऊन राहिली?" तो हसला. "डोक्यावरून हाय-टेन्शन लाइन गेली आहे तिथं. तिचीच गडबड आहे. काढून टाक."

मी काढून टाकलं. ज्याच्या आईच्या हातचं लहानपणापासून खात आले, त्याला उलटून काय विचारायचं? कंपनीनं तो पट्टाच सोडून दिला.

काही महिन्यांनी त्यानं नोकरी सोडली. कंटाळा आला, म्हणाला. निरोपाला सगळ्यांत जास्त मीच रडले.

पुढच्या हिवाळ्यात त्याच रस्त्यानं जाताना त्या शेतात ड्रिलिंगचं मशीन दिसलं. गाडी थांबवून मी आत गेले. आधी वर पाहिलं. ना खांब, ना तार. मशीनपाशी दुसऱ्याच कंपनीचं हेल्मेट घालून तो उभा होता. पायाशी पेट्यांमध्ये जमिनीतून काढलेले खडकाचे गोल दांडे, काळेभोर.

"लाइन कुठंय?"

त्यानं हेल्मेट काढून काखेत धरलं. मग म्हणाला, "तुला खरं सांगितलं असतं तर तू सरळ साहेबांकडे गेली असती. चलो, आली आहेस तर बघ. तू म्हणत होतीस तेच निघालं."

त्यानं एक तुकडा माझ्या हातात ठेवला. बोटं काळी झाली. इतकं खोलवरचं माझं अनुमान पहिल्यांदाच खरं ठरलं होतं, आणि ते मला सांगणारा हा होता. तुकडा परत पेटीत ठेवून मी निघाले.

साहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "रिपोर्ट तो आपकी थी ना?"

आता प्रत्येक शेतावर मी स्वतः जाते. सोबतच्यांना वाटतं, मॅडमला उन्हात फिरायची हौस आहे.