रेघेच्या मागचे अकरा फूट

"कुठे लिहिलंय?" चष्मा कपाळावर सरकवून काकू विचारायच्या. गिऱ्हाईक म्हणालं, हल्ली बाह्या आखूडच शिवतात, तरी हेच. पंडितजी म्हणाले, आज नवं कापड कापू नका, तरी हेच. तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. आधी वैताग येतो, मग सवय होते.

देवास गेटजवळ त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान, शेजारी माझं झेरॉक्सचं. नवरा रेल्वेत, म्हणून त्या भुसावळहून उज्जैनला आल्या. तो गेल्यावर याच गाळ्यात बसून त्यांनी दोन मुली शिकवल्या. आम्हा दोघांच्या गाळ्यांचे मालक एकच, वयस्क सेठजी.

सिंहस्थासाठी रस्ता रुंद करायचं ठरलं. एका सकाळी आमच्या गाळ्यांच्या आतल्या भिंतींवर, शटरपासून सात फुटांवर, लाल रेघ मारली गेली. दुसऱ्या दिवशी सेठजी हजर.

"सरकार ने जगह ले ली. किराएदारी खतम. आठ दिन में चाबी दे दो."

मी मान डोलावून मोकळा झालो. काकूंनी मशीन थांबवलं. "कहाँ लिखा है, सेठजी?"

सेठजींनी रागाने नोटीस पुढे टाकली. काकूंनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"रेघेच्या पुढचे सात फूट सरकारचे. मागचे अकरा कोणाचे?"

"सेठजींचे."

"आणि ते सेठजींकडून भाड्याने कोणी घेतलेत रे?"

मी हातातली चावी खिशात टाकली. मागची जागा रिकामी करून हॉटेलवाल्याला द्यायचा सेठजींचा बेत आहे, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कोणीच नव्हतं.

नोटिशीत तारीख दिलेल्या सुनावणीला काकू भाडेकरार ब्लाउजच्या पिशवीत घालून गेल्या. मीही मागोमाग गेलो. अधिकाऱ्याने करार वाचला आणि सेठजींकडे पाहिलं. "हमने सात फुट लिए हैं. बाकी में करार जैसा था, वैसा ही है. जितनी जगह बची, किराया उतनी का. सामने की दीवार और शटर आप लगवाएँगे. इनके नुकसान का दावा अलग लिखा जाएगा."

सेठजींचा चेहरा पडला. आम्ही उठलो, पण काकू जागच्या हलल्या नाहीत.

"साहब, एक गलती है. छत टीन की लिखी है. सेठजी ने पक्का स्लॅब डलवाया था, हमारे सामने. उनका नुकसान भी पूरा लिखिए."

अधिकाऱ्याने दुरुस्ती केली.  जिन्यावर सेठजींनी स्वतःहून पिशवी धरायला हात पुढे केला. "बहनजी, हॉटेलवाले को मना कर दूँगा."

"माझं दुकान उचलायला निघाले होते, आता पिशवी उचलतायत," काकू माझ्या कानात पुटपुटल्या आणि खुदकन हसल्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दुकान आता धाकटी मुलगी चालवते, मीही अजून शेजारीच आहे.

मला आठवतो तो दुकान पुन्हा उघडल्याचा दिवस. नव्या रुंद रस्त्यावर आजूबाजूचे दुकानदार जमलेले. सेठजींनी वाकून स्वतःच्या हाताने नवं शटर वर ढकललं. पुढचे सात फूट गेले होते, त्यामुळे ऊन थेट मशीनपर्यंत पोचलं. काकू आत गेल्या, पदर खोचला आणि त्या उन्हात बसून भरधाव शिलाई मारू लागल्या.