टेपमधली दाद

२०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर दोन-तीन वर्षांनी मला जपानमध्ये, कोबेतल्या एका विद्यापीठाच्या संगीत संग्रहात अर्धवेळ काम मिळालं. नवरा कंपनीत, लेक शाळेत, घरात बसून मी नुसती वैतागले होते. काम सोपं होतं. जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या.

त्या कॅसेट ईशान्य किनाऱ्यावरच्या एका छोट्या ब्लूज बारच्या होत्या. शनिवारी गावातली मंडळी गिटार घेऊन जमायची आणि मालक सगळं रेकॉर्ड करायचा. त्सुनामीत बार गेला, मालकही गेला. कॅसेट तेवढ्या वाचल्या, कारण घरात अडगळ नको म्हणून त्याच्या बायकोने त्या आधीच कोबेला बहिणीकडे आणून टाकल्या होत्या. आता ती स्वतःही बहिणीकडेच राहायची. खोकी देताना तिने एवढंच मागितलं होतं, की सगळं झालं की एकदा ऐकू द्या.

आमच्या प्रोफेसरांचा हुकूम होता, फक्त संगीत ठेवा, मधली बडबड कापा. आणि बडबड कुणाची? त्या मालकाची! गाणाऱ्याने एखादी ओळ झोकात घेतली की हा मागून ओरडायचा, शाबास, आणखी एकदा! मी गाण्याच्या बैठका ऐकत वाढलेली. दाद कापून गाणं ठेवायचं म्हणजे काय, डोकं फिरलंय का? ब्लूजमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तो ओरडला की गाणारा कसा पेटायचा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मी काहीही कापलं नाही. प्रोफेसर हसतमुखाने म्हणाले, हे जरा अवघड आहे. इथे त्याचा अर्थ सरळ ‘नाही’ असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“असू दे अवघड, सेन्सेई,” मी म्हटलं. “माणूस गेलाय. त्याचा आवाज मी नाही पुसणार.”

मी लगेच त्या बाईंना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर कॅसेट लावली. नवरा ओरडला तशी बाई तोंडावर हात ठेवून हसली आणि हसता हसता रडायला लागली.

“मी सारखी सांगायचे, हळू ओरड,” ती म्हणाली. “कधी ऐकलं नाही माझं.”

त्यानंतर कापायचं नाव कुणी काढलं नाही. मार्चअखेर वर्षाचा करार संपला तसं माझं काम मात्र काढून घेतलं. घ्या म्हटलं, खुशाल घ्या.