वर झालेले हात

मोटरसायकलला एलईडी बल्ब बसवला. "आता दिवसासारखं दिसेल बघा," मेकॅनिक म्हणाला, आणि खरंच दिसलं. दिवेलागणीला घरी येताना समोरून सायकलवर येणाऱ्या दूधवाल्यानं हात वर केला. मीही केला. पुढे चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाईनंही केला. आज गावाला माझं भलतंच प्रेम आलंय म्हणून मी खूश!

वळणावर शेजारचे तात्या कपाळाशी हात धरून उभेच राहिले. मी थांबलो.

"कोण आहे? काही दिसेना बाबा."

तेव्हा कळलं, ते सगळे हात डोळ्यांवरचा आडोसा होते. मी ओशाळून दिवा बंद केला.

"अरे, तू होय!" तात्या हसले.

जुन्या पिवळ्या दिव्यात मला रस्ता अर्धाच दिसायचा; पण तात्या लांबूनच नावानं हाक मारायचे.