पक्के भाजलेले मडके

कॅल्गरीत मडके मिळत नाही. मातीची भांडी मिळतात, पण ती झाडांसाठी, आणि कुंडीच्या तळाला भोक असते. आपल्यापैकी कोणी गेले की इथल्या मराठी मंडळातला एखादा जण बागेच्या दुकानातून कुंडी आणतो, भोकाला दोन्ही बाजूंनी टेप लावतो आणि तिच्यात पाणी भरतो. मुलगा ती खांद्यावर घेऊन शवपेटीभोवती फिरतो. मागून कोणीतरी दगडाने तिला आणखी भोके पाडतो. इथले गुरुजी एरवी एका तेल कंपनीत नोकरी करतात. ते या व्यवस्थेला सरावले आहेत.

माझ्या पत्नीने हे पहिल्यांदा पाहिले ते ओळखीच्या एका गृहस्थांच्या अंत्यविधीला. कुंडीवर दुकानाचे स्टिकर तसेच होते. पहिली फेरी पूर्ण होण्याआधीच टेप सुटली आणि सगळे पाणी मुलाच्या कोटावरून खाली गेले. पुढच्या दोन फेऱ्या त्याने रिकामी कुंडी घेऊन घातल्या.

परतताना आमची मुलगी गाडी चालवत होती. पत्नी मागे बसली होती.

"माझ्या वेळी टेप नको," ती म्हणाली.

"आई, प्लीज. काहीही काय?"

"काहीही नाही. पाणी राहिलं पाहिजे आणि मग भोकातून गेलं पाहिजे. एवढंच तर असते त्यात."

तिच्या आजाराचे नाव तोवर आम्हा तिघांनाही कळलेले होते. त्यामुळे ते बोलणे थट्टेवारी नेता आले नाही.

मी नागपूरच्या एका दैनिकात वृत्तसंपादक होतो. पत्नी शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्तीनंतर आम्ही एकुलत्या एका मुलीकडे राहायला आलो. मुलगी इंजिनिअर. औषधोपचारांमध्ये डॉक्टरांनी काही आठवड्यांचा खंड दिला, तेव्हा आईचे मन रमावे म्हणून मुलीने घराजवळच्या कम्युनिटी सेंटरमधल्या एका वर्गात तिचे नाव घातले. विषय होता मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातल्या आरंभीच्या संस्कृती. शनिवारी सकाळी पहिला तास माहितीचा, दुसरा तास हाताने भांडी घडवण्याचा. शिकवणाऱ्या बाई मूळच्या मेक्सिकोतल्या वाहाका भागातल्या, पुरातत्त्व शिकलेल्या आणि आता कुंभारकाम करणाऱ्या. पत्नीला एकटीला पाठवणे शक्य नव्हते, म्हणून मी मागच्या खुर्चीवर बसत असे.

"आम्ही शाळेत हे सगळं एका परिच्छेदात उरकत होतो," पत्नी पहिल्याच दिवशी म्हणाली. "पिरॅमिड, मका, संपलं."

बाईंनी सुरुवात मक्यापासूनच केली. एका रानगवतातून निवडत निवडत लोकांनी कणीस तयार केले, त्याला हजारो वर्षे लागली. पुढे ते दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवू लागले, त्याने साल सुटते आणि अन्न अंगी लागते. पत्नीने हात वर करून सांगितले की आमच्याकडे चुन्याची निवळी लहान मुलांना देत, हाडांसाठी. बाईंनी 'निवळी' हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग ओल्मेक लोक आले. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याजवळच्या दलदलीत त्यांची गावे होती. तिथे मोठा दगड नाही. त्यांनी तो दूरच्या डोंगरांतून आणला, माणसापेक्षा उंच मस्तके कोरली. ओढायला जनावर नव्हते, गाडा नव्हता.

"मग कशाने आणले?" वर्गातल्या एकाने विचारले.

"माणसांनी," बाई म्हणाल्या.

घरांचा भाग पत्नीला सर्वांत आवडला. कित्येक ठिकाणी माणूस मेला की त्याला घराच्याच जमिनीखाली पुरत आणि वर तेच घर पुढे चालू राही. चूल तिथेच, दळण तिथेच. घर जुने झाले की त्याच जागी नवे बांधत. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे मेलेला माणूस घर सोडून जात नसे, त्याची फक्त पातळी बदले.

"बेसमेंट," पत्नी माझ्याकडे वळून म्हणाली. आमची खोली मुलीच्या घराच्या बेसमेंटमध्ये होती.

नंतरच्या एका शनिवारी तेओतिवाकान या शहराबद्दल ऐकले. त्या काळातले ते त्या प्रदेशातले सर्वांत मोठे शहर, दूरदूरचे लोक तिथे येऊन वसलेले. त्यात वाहाकाहून आलेल्यांची एक वेगळी वस्ती होती. पिढ्यान्‌पिढ्या ते त्या शहरात राहिले, शहराची कामे केली, शहरासारखी घरे बांधली. पण मेलेल्यांना ते आपल्या गावच्या पद्धतीने पुरत आणि सोबत आपल्या गावच्या घडणीची भांडी ठेवत. माती नव्या शहराची, घाट जुन्या गावचा. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. गावाकडे तो घाट बदलून गेला तरी या वस्तीत जुनाच चालू होता.

"अहो, हे तर आपलं मंडळ," पत्नी माझ्या कानाशी म्हणाली. "तिकडे थर्मोकोलवर बंदी आली, आपले लोक इथे अजून थर्मोकोलचं मखर करून राहिले."

ती मोठ्याने हसली. बाईंनी कारण विचारले. पत्नीने ते इंग्रजीत सांगितले, तेव्हा बाईही हसल्या. त्यांच्या आईच्या गावी आता कोणी करत नाही असे काही पदार्थ त्या कॅल्गरीत सणाला करतात, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावर एक ताटली दाखवली. ती माया लोकांच्या एका थडग्यातली, मृताच्या चेहऱ्यावर पालथी घातलेली होती. तिच्या मधोमध मुद्दाम पाडलेले भोक होते. अभ्यासकांचा कयास असा की भांड्यालाही जीव असतो असे ते लोक मानत, आणि माणसाबरोबर पाठवायचे तर त्याचाही जीव मोकळा करावा लागे.

पत्नी हसायची थांबली. घरी आल्यावर मुलीला म्हणाली, "मी माझं मडकं स्वतः करणार."

"आई, ऐकवत नाही मला हे."

"तर नको ऐकू. पण तूच घ्यायचं आहे खांद्यावर, हे लक्षात ठेव. आणि तुझ्या बाबांनी मागून दगड मारायचा."

मुलगी उठून वरच्या मजल्यावर गेली. थोड्या वेळाने खाली आली आणि विचारले, "केवढं करणार? माझा खांदा लहान आहे."

त्या प्रदेशातल्या सर्वांत जुन्या भांड्यांपैकी एक घाट गळा नसलेला असतो. वाळक्या भोपळ्याचे वरचे टोक कापावे तसा, पोट गोल आणि तोंड अरुंद. पत्नीने तोच निवडला. तिथे कुंभाराचे चाक नव्हते, म्हणून वर्गातही नव्हते. मातीच्या लांब वळकट्या करून त्या एकीवर एक बसवायच्या आणि बोटांनी सांधायच्या. तिची बोटे उपचारांमुळे बधिर झाली होती. किती दाब पडतो आहे हे तिला कळत नसे, म्हणून ती पाहून पाहून दाबायची. बाहेरून तिने भांडे गुळगुळीत केले. आत तोंडातून जेमतेम हात जाई, त्यामुळे आतल्या बाजूला बोटांचे ठसे तसेच राहिले.

भाजायची वेळ आली तेव्हा बाईंनी दोन मार्ग सांगितले. त्यांच्या अंगणातल्या खड्ड्यात लाकडे पेटवून भाजले तर ते त्या काळच्यासारखे होईल, मात्र पाणी झिरपेल आणि साध्या ठोक्यानेही फुटेल. सेंटरच्या विजेच्या भट्टीत भाजले तर पक्के होईल, डिशवॉशरमध्ये टाकले तरी चालेल.

"झिरपणारं नको," पत्नी लगेच म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर करून राहिली मी."

आम्हाला न्यायला आलेल्या मुलीने मान डोलावली. मीही डोलावली. ज्याने कुंडीतून पाणी गळताना पाहिले आहे त्याला दुसरे काही सुचले नसते.

मडके घरी आले, करड्या रंगाचे, थोडे एका अंगाला कललेले. पत्नीने त्यात पाणी भरून ते सिंकजवळ ठेवले. दुसऱ्या दिवशी खालचा ओटा कोरडा होता. तिने मुलीला बोलावून तो कोरडा ओटा दाखवला. मग पाणी ओतून त्यात लसूण भरला. "तोवर रिकामं कशाला," ती म्हणाली. शहरातून वाहणाऱ्या बो नदीच्या काठावरून तिने एक गुळगुळीत दगड आणला होता, तोही लसणावर ठेवला.

ती जानेवारीत गेली.

विधीच्या जागेच्या व्यवस्थापकांनी आधीच दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कार्पेटवर प्लास्टिक अंथरावे, आणि काही फेकू नये. मुलीने मडक्यातला लसूण काढला, मडके धुतले, तरी वास गेला नाही. पाणी भरून तिने ते डाव्या खांद्यावर घेतले. गुरुजींनी नदीकाठचा दगड माझ्या हातात दिला. मंडळातले काही जण होते. नागपूरहून पत्नीची बहीण फोनवरून पाहत होती. एका बाईंनी तो फोन आमच्या दिशेने धरला होता.

पहिली फेरी झाली. मी दगड मारला. टण्‌ असा आवाज आला. गुरुजी म्हणाले, "जरा जोरात." दुसऱ्या फेरीला मी जोरात मारला. मडके तसेच होते. मुलीचा खांदा त्या ठोक्याने हलला आणि तोंडातून थोडे पाणी तिच्या मानेवर सांडले.

"बाबा, जोरात."

"तुला लागेल."

"लागू दे."

तिसऱ्या फेरीला मी जितका होता तितका जोर लावला. दगड हातातून निसटून प्लास्टिकवर पडला. मडक्यावर एक पांढरट ओरखडा उठला होता, त्यापलीकडे काही नाही.

"फुटलं का गं, बाई?" फोनमधून आवाज आला. "हॅलो? फुटलं का?"

फोन धरलेल्या बाईंनी तो उलटा करून छातीशी धरला.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या. मनाने फुटलं असं समजायचं. शास्त्रात भाव महत्त्वाचा. खाली ठेवा."

मुलीने ते खाली ठेवले नाही. पेटी दाहिनीत गेली आणि दार बंद झाले तोवर ती ते भरलेले मडके खांद्यावर घेऊन उभी होती.

फुटलेल्या मडक्याचे तुकडे घरी आणत नाहीत. न फुटलेल्याचे काय करायचे हे गुरुजींना विचारले, तर त्यांनाही माहीत नव्हते. इतक्या वर्षांत तशी वेळ आली नव्हती. गाडीत मी ते मांडीवर धरून बसलो. अरुंद तोंडामुळे पाणी फारसे हिंदकळले नाही. तिने बरोबर केले होते, ते थेंबभरही झिरपत नव्हते.

घरासमोर मुलीने गाडी थांबवली आणि आत न जाता गॅरेजचे दार उघडले. टूलबॉक्समधून ड्रिल काढले, त्याला काँक्रीटमध्ये भोक पाडायचे टोक, म्हणजे बिट, लावले. अंगावर तोच काळा कोट होता.

"पाणी ओतून घेऊ का?" मी विचारले.

"नको. पाणी असलं की बिट थंड राहतं." मग म्हणाली, "आणि पाणीच तर जायला हवंय ना तिला."

आम्ही ड्राइव्हवेवर बसलो. मी मडके दोन्ही हातांनी घट्ट धरले. बाहेर उणे पंचवीसच्या आसपास होते. हातमोज्यात मडके सरकत होते म्हणून मी मोजे काढले. पहिल्या भोकाला वेळ लागला. करडी भुकटी निघत राहिली, बिट दोनदा घसरले. मधे एकदा ती थांबली. "बाबा, आत तिची बोटं आहेत," असे म्हणून तिने मडके थोडे फिरवले, दुसरी जागा पाहिली. मग मडके पुन्हा होते तसे वळवले. ठसे आत सगळीकडे होते.

भोक पडले आणि पाण्याची बारीक धार माझ्या मनगटावरून खाली गेली. दुसरे भोक तिने जरा खाली पाडले, तिसरे त्याच्याही खाली. पाणी काँक्रीटवर पसरले आणि आमच्या डोळ्यांसमोर गोठत गेले. वाहून कुठे गेलेच नाही. पायरीपाशी एक पातळ, वाकडा पापुद्रा तयार झाला. त्यात ती करडी भुकटी होती.

मुलीने तिथेच बसून फोन लावला.

"मावशी, फुटलं," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारले गेले. "हो. सगळं पाणी गेलं. हो, मी जेवते. तू झोप."

त्या आठवड्यात बर्फ पडला की मी ड्राइव्हवे फावड्याने मोकळा करायचो आणि पायरीपाशी थांबायचो. तेवढी जागा हाताने साफ करायचो. खाली तो पापुद्रा तसाच असायचा. मुलगी कामावरून आली की गाडी रस्त्यावर लावायची, आत घ्यायची नाही.

एका दुपारी मी बाहेर आलो तेव्हा शेजारचे गृहस्थ आमच्या पायरीजवळ वाकून उभे होते. हातात मिठाची पिशवी होती. त्यांना आमच्या घरची बातमी कळलेली होती. लोक भेटायला येत असतील, तिथे बर्फ झाला आहे, कोणी घसरून पडेल, म्हणून तो वितळवायला त्यांनी मीठ टाकले असे ते म्हणाले. काल सकाळीही टाकून गेलो होतो, असेही म्हणाले. पत्नीबद्दल दोन शब्द बोलले. तिने दिलेल्या लसणाच्या चटणीची त्यांना आठवण होती.

मी त्यांचे आभार मानले. पापुद्रा उरला नव्हता, काँक्रीट ओले होते, मिठाचे खडे विरघळत होते. संध्याकाळपर्यंत ती जागा वाळली. मुलगी आली, तिने गाडीच्या खिडकीतून पाहिले असावे, कारण ती काही वेळ गाडीतच बसून राहिली. मग तिने गाडी आत घेतली.