आता फाइन आहे

नोव्हाय शहराजवळच्या चामड्याच्या दुकानातला तो म्हातारा गिऱ्हाइकाला "कसं वाटतंय?" असं कधीच विचारत नसे. माझ्या शिकारीच्या रिव्हॉल्व्हरवर दुर्बीण बसवलेली. कमरेला लावलं की ती बरगडीत घुसायची. म्हणून त्याने छातीवर बांधायचं होल्स्टर शिवलं, रिकामं रिव्हॉल्व्हर त्यात अडकवून मला घालायला लावलं.

"बस. वाक. शिडी चढ."

मी आपला सवयीने म्हणालो, "फाइन आहे."

पण तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. त्याची नजर पट्ट्याखाली आखडणाऱ्या माझ्या डाव्या खांद्यावर होती. त्याने पट्टा उसवला, उजव्या खांद्यावरून फिरवला आणि खाली मेंढीची मऊ लोकर शिवली. डावा खांदा दुखतो हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पुन्हा शिडी चढायला लावून तो म्हणाला, "आता फाइन आहे."