अक्कांच्या वावरातले पाव्हणे

अक्का पाव्हण्यांवरही हात टाकत. नाशिकच्या एका साहेबांनी गंमत म्हणून कपाशीची कच्ची बोंडं तोडून मुलाकडे चेंडूसारखी फेकली, तर अक्कांनी बांधावरून धावत येऊन त्यांच्या अशी मुस्काटात लगावली की चष्मा पाटात पडला. मग स्वतःच तो काढून, पदराला पुसून त्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, "मना हात पहिले चालस, तोंड मंग." ते साहेब पुढच्या थंडीत सहकुटुंब परत आले. कोणाला पटत नाही, पण त्यांना स्टेशनवरून मीच आणलं होतं.

नव्वदच्या दशकात पाचोऱ्याला माझी जीप होती. अजिंठ्याची लेणी बघायला आलेली शहरी कुटुंबं मी अक्कांच्या वावरात सोडायचो. नवऱ्यामागे राहिलेलं शेत आणि त्यात कुडाच्या तीन झोपड्या. पाव्हणे तिथे राहत, विहिरीवर न्हात, हिवाळ्यात भरीत खात. त्यावरच अक्कांचं चाले.

एकदा झोपडीत नाग शिरला. अक्कांनी तो भरीत ठेचायच्या दांडक्यानेच चेचला, दांडकं धुतलं आणि त्यानेच वांगी ठेचायला बसल्या. मी तोंड वाकडं केलं, तर तेच दांडकं माझ्या पाठीत बसलं. "डायवर, सोंगं नको करू." वळ आठवडाभर होता. तरी मी त्या बाईच्या शब्दाबाहेर कधी गेलो नाही, कारण जीव लावणंही त्यांचं असंच दणदणीत होतं.

त्यांच्या दिराला, नानाला, ते वावर हवं होतं. वहिनी परक्या माणसांना ठेवून घराण्याचं नाक कापते, असं तो पारावर बोलायचा. झोपड्या पाडल्या की बाई मुकाट माहेरी जाईल, असं त्याच्या डोक्यात होतं.

एकदा मुंबईचे पाव्हणे मुक्कामाला होते. दुपारी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं चालू असताना नाना दोन गडी घेऊन आला. तिघांकडे कुऱ्हाडी. अक्का उठल्याही नाहीत. गड्यांना म्हणाल्या, "पहिले भरीत खा, मंग काय तोडनं शे ते तोडा." आमच्याकडे भरीत चालू असताना वावरात आलेला माणूस न जेवता जात नाही. गडी सवयीने बसले, भाकरी मोडली, आणि तिथेच फसले. नाना ओरडला तेव्हा एक जण मान खाली घालून म्हणाला, "आता कसा हात उचलूत, भाऊ? तिना हातनी भाकर खादी ना."

नाना एकटाच झोपडीकडे धावला. आत त्या पाव्हण्यांतल्या एक काकू झोपल्या होत्या. पहिल्या घावात दाराची चौकट फाटली. दुसरा पडायच्या आत अक्कांचं दांडकं त्याच्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याने डाव्या हाताने कुऱ्हाड फिरवली, ती अक्कांच्या खांद्यात रुतली. लुगडं रक्ताने भिजलं, पण त्या थांबल्या नाहीत. गुडघा, पाठ, बरगड्या. "पाव्हना शेतस मना! मना पाव्हना!" दर घावाला एवढंच. शेवटी गड्यांनी आणि मी मिळून त्यांना मागे ओढलं. मग गड्यांनी नानाला उचलून घरी नेलं.

वळून बघतो तर पाव्हणे सामानासकट जीपमध्ये. अक्का एका हाताने ताट घेऊन आल्या, "बसा ना, भरीत तयार शे." कोणी खाली उतरलं नाही. स्टेशनच्या वाटेत काकू म्हणाल्या, "बाई भयंकर आहे हो." माझं टाळकंच फिरलं. "तुम्ही आत होतात म्हणून तिने मारलं, काकू," एवढंच बोललो. अजून त्या गाडीभर माणसांचा मला राग येतो.

परत आलो तेव्हा अक्का चुलीशेजारी बसल्या होत्या. खांद्याला हळद दाबलेली, भरलेली ताटं समोर तशीच.

"गाडी भेटनी का त्यास्ले?"

"भेटली."

नागाला न भ्यालेली, कुऱ्हाड अंगावर घेतलेली ती बाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

"उपाशी गयात रे मना पाव्हना," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या वावरात मुक्कामाला कोणी आलं नाही.